उंडारणाऱ्याला ‘साठी’ नसतं

प्रिय पोरी,

आशीर्वाद. तुझी कथा वाचली. ‘उंडारणे’ तुला भलतंच आवडलेलं दिसतंय. पाच ठिकाणी आलंय. दोन ठिकाणी फक्कड बसलंय, तीन ठिकाणी नाही.

आधी पान ३ वरचं वाक्य बदल: ‘दुष्काळात बायका पाण्यासाठी रानोमाळ उंडारत होत्या.’ डोक्यावर हंडा घेऊन कोसभर चालणारी बाई उंडारत नसते. ती वणवण करते, रानोमाळ भटकते, हिंडते. ‘उंडारते’ म्हटलंस की तिला काम नाही, कुणाचा धाक नाही, असा शेरा तू नकळत मारतेस. दावं सुटलेलं जनावर डोळ्यांपुढे आण. बांधायची वेळ झाली तरी ते गोठ्याकडे फिरकत नाही, दिसेल त्या शेतात तोंड घालतं. हे क्रियापद माणसाला लावलं की ते जनावरही सोबत येतं.

पारख करायला सोपी युक्ती आहे. वाक्यात ‘साठी’ घालून बघ. नोकरीसाठी हिंडला, पाण्यासाठी भटकली, औषधासाठी गावभर फिरला, सगळं चालतं. ‘नोकरीसाठी उंडारला’ मात्र कानाला खटकतं, कारण उंडारण्याला हेतू चिकटत नाही. तसंच प्रयोजक रूपाचं. पाहुण्यांना शहर हिंडवता येतं, फिरवता येतं. ‘उंडारवलं’ कुणी म्हणत नाही. उंडारायचं ते आपल्या मर्जीनं, दुसऱ्यानं नेलं की ते उंडारणं उरत नाही.

तिसरी गोष्ट नात्याची. हा शब्द वरून खाली येतो: आई मुलाला, थोरला धाकट्याला, फार तर मित्र मित्राला. पान ५ वर ‘आजोबा पहाटे टेकडीवर उंडारून येत’ असं आहे. नातवानं थट्टेत म्हटलं असतं तर चाललं असतं, पण इथे निवेदक बोलतोय आणि तो आजोबांचा आदर करतोय. तिथे ‘फिरून येत’ पुरे. स्वतःबद्दल मात्र खुशाल वापर. ‘सुट्टीत नुसती उंडारले’ यात कबुलीही आहे आणि मजाही.

आता व्याकरण. क्रियापद अकर्मक आहे, म्हणून भूतकाळात ‘तो उंडारला’, ‘ती उंडारली’. पान ६ वरचं ‘त्याने दिवसभर उंडारलं’ चूक. ‘त्याने जरा उंडारावं’ मात्र बरोबर, तो विध्यर्थ आहे. हिंडण्याचा आणखी एक गुण असा की ते जागेला थेट कवेत घेतं: ‘मी सगळा तालुका हिंडले’. उंडारण्याला हे जमत नाही, त्याला ‘भर’ लागतो: गावभर, दिवसभर.

शेजारच्या शब्दांशी गल्लत करू नकोस. हुंदडणं म्हणजे उड्या, धावपळ. ते वासरांचं आणि पोरांचं, त्यात दूषण नाही. भरकटायला आधी वाट ठरलेली असावी लागते, म्हणून होडी भरकटते, चर्चा भरकटते. चकाट्या पिटणारा तर बहुधा जागचा हलतही नाही, तो नुसता गप्पा हाणतो. त्याला फिरणाऱ्यांत मोजणं ही नेहमीची चूक. ‘उकिरडे फुंकत फिरणे’ हे उंडारण्याचं संतापलेलं रूप. ते जपून वापर, एका कथेत एकदा.

‘भटकणे’ सगळ्यांत रुंद. त्यात गरजही मावते, हौसही. गडकिल्ले पालथे घालणारे स्वतःला अभिमानानं ‘भटके’ म्हणवतात. पण ‘भटक्या जमाती’ लिहिताना हाच शब्द वेगळ्या वजनाचा होतो. त्यांच्या फिरण्याला धंदा असे, ठरलेल्या वाटा असत, हंगाम असत. तरी बाहेरच्यांनी त्यात निरुद्योगीपणाच पाहिला, आणि इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यांच्या पालांबद्दल लिहिताना ‘उंडारणे’ मनातसुद्धा आणू नकोस.

विशेषणांतही असाच खड्डा आहे. ‘उंडगा’ म्हटलं की पोरगा कामचुकार, हिंडफिऱ्या. ‘उंडगी’ म्हटलं की रोख लगेच चारित्र्याकडे वळतो. शब्द एकच, फक्त लिंग बदललं! तसंच म्हणायचं असेल तर ते पात्राच्या तोंडी घाल, निवेदनात नको. निवेदनाला ‘उनाड’ बरा. ‘उनाड मुलगा’, ‘उनाड मुलगी’, रूप बदलत नाही आणि डंखही कमी.

कोश पाहायची सवय लाव. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडलास तर क्रियापदं ‘णें’ अशी अनुस्वारासह दिसतील. तो जुना रिवाज. तू ‘णे’च लिही. अर्थ वाचून थांबू नकोस. शब्द कोण कुणाला म्हणतो, हे कोशात क्वचितच मिळतं. ते घराच्या दारात कान देऊन ऐकावं लागतं.

उरलेल्या दोन जागांपैकी शेवटची पान ९ वरची. पोरगा दिवेलागणीला घरी येतो आणि आई विचारते, ‘कुठं उंडारत होतास एवढा वेळ?’ त्याला हात लावू नकोस. पुढचं ‘ती रागाने म्हणाली’ तेवढं खोड.