गाणारा वैमानिक आणि ‘भाराभर चिंध्या’

प्रश्न : मी वीस वर्षांची असून इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. एका बँडमध्ये गाते, थोडेफार लिहिते आणि पुढेमागे विमान चालवायला शिकण्याची माझी फार इच्छा आहे. ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याचे आत्मचरित्र मी तीनदा वाचले. गायक, वैमानिक, तलवारबाज, कादंबरीकार आणि रेडिओ निवेदक हे सगळे एकच माणूस होऊ शकतो, तर मी एकच क्षेत्र का निवडावे? बाबांचे म्हणणे एवढेच, की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. पदवी अर्धवट सोडून बँडला पूर्ण वेळ द्यावा, असे मला वाटते. पुस्तकावर लिहिलेला चार पानी अभिप्राय सोबत जोडला आहे. त्यावरून माझी तळमळ तुमच्या लक्षात येईल.

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र एकदा वाचले, अभिप्राय दोनदा वाचला आणि न वाचलेल्या पुस्तकाविषयी सल्ला देणे बरे नव्हे म्हणून 2017 साली प्रसिद्ध झालेले ‘व्हॉट डझ धिस बटन डू?’ हे आत्मचरित्रही मिळवून वाचले. या संगीताचा मी श्रोता नाही आणि पुस्तक वाचूनही झालो नाही, हे आधीच कबूल करतो. मात्र विमानांविषयीची प्रकरणे मी रात्री जागून संपवली.

आधी तुझ्या अभिप्रायाविषयी बोलतो, कारण तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. पहिली तीन पाने चाहतीने लिहिली आहेत. त्यांत ‘अफाट’ हा शब्द अकरा वेळा आला असून लेखकाची सगळी कर्तबगारी एका दमात मोजून दाखवली आहे. चौथे पान मात्र दुसऱ्याच कुणाचे वाटावे इतके निराळे आहे. बँडमधल्या सहकाऱ्यांची चित्रे पुसट राहिली आहेत, 1999 मध्ये बँडमध्ये परतल्यानंतरची वर्षे लेखकाने भराभर उरकली आहेत आणि गाणी कशी घडली हे जिथे वाचायचे असते तिथे तो विनोद करून पुढे सरकतो, अशी तक्रार तू तिथे पुराव्यानिशी मांडली आहेस. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या लेखनातली उणीव नेमकी दाखवणे सोपे नसते. ते तू केले आहेस, आणि ते करताना ‘अफाट’ हा शब्द तुला एकदाही लागला नाही.

आता तुझ्या वाचनात राहून गेलेल्या गोष्टीकडे येतो. अभिप्रायात तू लिहितेस, ‘तो गायला, लढला, लिहिले आणि विमानही उडवले.’ एका वाक्यात चार क्रियापदे बसतात खरी, पण ती चार आयुष्याच्या एकाच दशकात बसलेली नाहीत. पुस्तक शेजारी ठेवून वर्षे कागदावर मांडून पाहा. डिकिन्सनचा जन्म 1958 चा. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातून त्याने इतिहासाची पदवी घेतली ती 1979 मध्ये, आणि त्यानंतर तो ‘सॅमसन’ या बँडचा गायक म्हणून पूर्ण वेळ काम करू लागला. ‘आयर्न मेडन’मध्ये तो गेला 1981 मध्ये. पुढच्याच वर्षी त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला. पहिली कादंबरी आणि स्वतःच्या एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम ही दोन्ही 1990 ची. विमान चालवायला तो शिकला तेही नव्वदच्या दशकात, फ्लोरिडामध्ये, केवळ हौस म्हणून. त्याचा पेशा पुढे झाला. बीबीसीच्या ‘सिक्स म्युझिक’ या रेडिओ वाहिनीवरचा त्याचा रॉक संगीताचा कार्यक्रम 2002 ते 2010 या काळातला. बँड, तंत्रज्ञ आणि टनावारी सामान घेऊन त्याने बोइंग 757 मुंबईत उतरवले आणि 1 फेब्रुवारी 2008 रोजी त्या दौऱ्यातला पहिला कार्यक्रम तिथेच केला, तो प्रसंग तू मोठ्या प्रेमाने लिहिला आहेस. बँडमध्ये प्रवेश मिळाल्यापासून त्या दिवसापर्यंत सव्वीस वर्षे लोटली होती. तुझे आजचे वय त्याहून कमी आहे.

हौशी वैमानिक आणि विमान कंपनीचा वैमानिक यांच्यातले अंतर तुझ्या पत्रात दिसलेले नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. हौशी परवान्यावर माणूस स्वतःच्या आनंदासाठी छोटे विमान उडवू शकतो, पण त्याबद्दल कुणाकडून पगार घेऊ शकत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी कठोर वैद्यकीय तपासणी, हवामानशास्त्रापासून हवाई नियमांपर्यंतच्या लेखी परीक्षा आणि शेकडो तासांचे उड्डाण लागते. विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठीच्या सर्वोच्च परवान्याला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किमान 1500 तासांचा अनुभव धरला जातो. बरे, हे सगळे पार पडले तरी नवा माणूस आधी उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून बसतो. लाखो लोक ज्याच्या नावाने ओरडतात त्यालाही तिथे डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनचे ऐकावे लागते. डिकिन्सन पुढे ‘अ‍ॅस्ट्रियस’ या कंपनीत कॅप्टन झाला आणि 2011 मध्ये ती कंपनी बंद पडेपर्यंत तिथे होता. म्हणजे चाळिशीतल्या प्रसिद्ध गायकाने पुन्हा विद्यार्थी होऊन, पेपर देऊन, खालच्या पायरीवरून सुरुवात केली. हे त्याला परवडले, कारण तोवर गाण्याच्या क्षेत्रात त्याचे पाय घट्ट रोवलेले होते. विमानाच्या शिक्षणाचा खर्च गाण्याने सोसला, हे उघडच आहे. तुझ्या योजनेत कोणाचा खर्च कोण सोसणार, हे मला कुठेच सापडले नाही.

म्हणूनच बाबांच्या म्हणीवर रागावण्याआधी तिच्यातला एक शब्द तू पुन्हा वाचावास असे मला वाटते. ती म्हण चिंध्या गोळा करणाऱ्याला नावे ठेवत नाही. तिचा सगळा भर ‘धड’ या शब्दावर आहे. डिकिन्सनकडे आधी एक धड वस्त्र होते आणि बाकीचे तुकडे त्याने मागाहून त्याला जोडले.

पदवी सोडण्याच्या विचाराविषयी तर पुस्तकच तुझ्या विरुद्ध साक्ष देते. त्याच्या आईवडिलांना तो सैन्यात जावा असे वाटत होते. आधी पदवी घेतो, असे सांगून त्याने लंडन गाठले. ती पदवी त्याच्या दृष्टीने बँड उभारण्यासाठी मिळवलेली सबब होती, हे तो लपवत नाही. अभ्यासात तो काही चमकला नाही. पण सबब म्हणून घेतलेली पदवीदेखील त्याने पूर्ण केली. विद्यार्थ्यांसाठी करमणुकीचे कार्यक्रम ठरवण्याचे काम त्याने तिथेच केले, म्हणजे रंगमंचाच्या मागची बाजू शिकण्याची संधीही त्याला कॉलेजनेच दिली. तुझा विषयही इतिहास आहे, हा योगायोग तू पत्रात अभिमानाने नोंदवला आहेस. मग त्याने ती शेवटची परीक्षा दिली होती, हेही नोंदवायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. डिकिन्सन ज्या माइकपुढे उभा राहिला तो रिकामा झाला होता, कारण बँडच्या पहिल्या दोन अल्बमचा गायक पॉल डियानो याला 1981 मध्ये दूर करण्यात आले होते. पुढे 1993 मध्ये डिकिन्सन स्वतः बाहेर पडला, तेव्हा त्याच जागी ब्लेझ बेली आला. त्याने दोन अल्बम गायले आणि 1999 मध्ये डिकिन्सन परत येताना तो गेला. एकाच जागेवर उभे राहिलेल्या तीन गायकांची ही तीन आयुष्ये आहेत. तिघांनाही गाता येत होते. तू वाचलेस ते त्यांपैकी एकाच्या हातचे. बँडला पूर्ण वेळ द्यायचा विचार करणाऱ्याने उरलेल्या दोघांचे पुढे काय झाले याचीही माहिती काढावी, असा माझा आग्रह आहे. त्यातून निराशा पदरी पडेलच असे नाही. बेली आजही गातो, पण लहान सभागृहांत, आणि तेही एक सन्मानाचे काम आहे. प्रश्न इतकाच, की ते आयुष्य समोर आले तर तू ते आनंदाने घेशील का?

शिवाय लेखकाने काय गाळले आहे, ते त्याने स्वतःच शेवटी सांगितले आहे. जन्म, लग्न आणि घटस्फोट, आपले किंवा इतर कुणाचे, या पुस्तकात येणार नाहीत असे त्याने लिहायला बसतानाच ठरवले होते. लेखक म्हणून तो त्याचा अधिकार आहे आणि मला व्यक्तिशः तो निर्णय आवडला. परंतु करिअरचा आराखडा म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे, की त्यातला दिवस घराबाहेर सुरू होतो आणि घराबाहेरच संपतो. 1984-85 च्या दौऱ्यात बँडने सुमारे अकरा महिन्यांत 187 कार्यक्रम केले. त्या काळात घर कोणी सांभाळले, कोणाचे काय राहून गेले, हा हिशेब पानावर नाही. शरीराचा हिशेब मात्र आहे. 2014 च्या अखेरीस जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ निघाली, आणि गळा हेच ज्याचे हत्यार त्याने रेडिएशन व केमोथेरपी सोसल्यावर 2015 च्या मे महिन्यात डॉक्टरांनी त्याला रोगमुक्त ठरवले. हा भाग तू अभिप्रायात दोन ओळींत संपवला आहेस. मला तो संपूर्ण पुस्तकातला सर्वांत सच्चा भाग वाटला.

तेव्हा माझे म्हणणे असे. पदवी पूर्ण कर. राहिलेले दीड वर्ष बँडसाठी संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस ठेव, पण ते नेमाने दे. सरावाला किती तास गेले, किती कार्यक्रम झाले, त्यांतून काही मिळाले का आणि आवाज सलग दोन तास टिकतो का, याची वहीत नोंद कर. शिकवणाऱ्याकडून आवाजाची तयारी करून घे, कारण किंचाळणे आणि गाणे यांतला फरक गळ्याला फार उशिरा कळतो. विमानाची हौस असेल तर सध्या एकच काम कर. नेमलेल्या डॉक्टरकडून वैमानिकाची वैद्यकीय तपासणी करून घे. दृष्टी, कान किंवा हृदय यांत अडथळा निघाला तर तो आज कळलेला बरा, कर्ज काढल्यानंतर नव्हे. तलवारबाजी सध्या राहू दे.

आणि लेखनाला ‘थोडेफार’ म्हणू नकोस. तुझ्या पत्रात मला धड वस्त्राचा काठ कुठे दिसला असेल, तर तो अभिप्रायाच्या चौथ्या पानावर. संगीताविषयी जाणकारीने आणि निर्भीडपणे लिहिणारी माणसे थोडी आहेत, आणि इतिहासाच्या शिक्षणाने साधने तपासण्याची जी सवय लागते ती या कामाला नेमकी उपयोगी पडते. पहिली तीन पाने काढून टाक. चौथ्या पानाचीच चार पाने कर. डियानो आणि बेली यांच्या मुलाखती शोधून त्या त्रयस्थपणे पुस्तकाच्या शेजारी ठेव, आणि मग जे हाती येईल ते मला पाठव. परीक्षेनंतर पाठवलेस तरी चालेल, किंबहुना परीक्षेनंतरच पाठव.

बाबांना हे पुस्तक वाचायला देणार असशील, तर क्वीन मेरी कॉलेजापासून वाचायला सांग. त्याआधी लेखकाला शाळेतून काढून टाकल्याचा जो प्रसंग आहे, तो त्यांनी तुझा निकाल लागल्यावर वाचला तरी काही बिघडणार नाही.