डिझायर स्वस्त दिसते, पण घ्या वॅगनआर

प्रश्न: आम्ही साताऱ्यात राहतो. एकूण बचत पावणेचार लाख, घरखर्च महिन्याला 32,000. आई-वडील कोरेगाव तालुक्यात गावी असतात, दर आठवड्याला जाणं होतं. महिन्याचं रनिंग 400 किलोमीटरच्या आसपास. दोन गाड्या पाहिल्या आहेत. एक ऑगस्ट 2012ची डिझायर डिझेल, झेडडीआय, 1,32,000 किलोमीटर, दुसरा मालक, किंमत 2.30 लाख. दुसरी मार्च 2014ची वॅगनआर पेट्रोल, एलएक्सआय, 58,000 किलोमीटर, एकाच मालकाची, 2.45 लाख. डिझायर मोठी, ॲव्हरेजला चांगली आणि वर 15 हजारांनी स्वस्त. कोणती घ्यावी?

उत्तर: वॅगनआर घ्या, पण 2.45ला नाही.

आधी पैशांचं बघू. पावणेचार लाखांतला एक लाख आजच वेगळ्या एफडीत टाका. तुमचा तीन महिन्यांचा घरखर्चच 96,000 होतो, आणि गावी म्हातारे आई-वडील आहेत. दवाखान्यात डिपॉझिट भरायची वेळ आली तर गाडी विकून पैसे उभे करता येत नाहीत. उरले 2.75 लाख. त्यात गाडी, नावावर करण्याचा खर्च, विमा आणि पहिली डागडुजी, सगळं बसलं पाहिजे.

आता डिझेलची बचत. डिझायरला 18चा ॲव्हरेज धरला आणि डिझेल 91 रुपये, तर 400 किलोमीटरला साधारण 2,020 रुपये लागतात. वॅगनआरला मी मुद्दाम 16च धरतो, कारण कंपनीचा 20च्या वरचा आकडा गावाकडच्या रस्त्यावर मिळत नाही, आणि 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचा ॲव्हरेज थोडा आणखी उतरतो. पेट्रोल 104 धरलं तर 2,600 रुपये. म्हणजे फरक महिन्याला 580, वर्षाला सात हजार. त्यातून थर्ड पार्टी विम्याचा फरक वजा करा: 1000 सीसीच्या आतल्या वॅगनआरला 2,094 रुपये, 1248 सीसीच्या डिझायरला 3,416, जीएसटी वेगळा. राहिले साडेपाच हजारांच्या आसपास. सव्वा लाखावर चाललेल्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला, तर ही बचत एका झटक्यात जाते. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरणाऱ्याला मी वेगळं सांगितलं असतं.

पासिंगचंही बघा. डिझायरची 15 वर्षं ऑगस्ट 2027ला भरतात, वॅगनआरची मार्च 2029ला. रीपासिंगचं, म्हणजे नोंदणी पुन्हा करून घेण्याचं, शुल्क 2022मध्ये 600वरून 5,000 झालं, त्यावर राज्याचा पर्यावरण कर, शिवाय गाडी तपासणीला नेण्याआधी तिच्यावर करावा लागणारा खर्च. पासिंग संपत आलेल्या गाडीला पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही. डिझायर 15 हजारांनी स्वस्त का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं उत्तर तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोत दिसतं. डिझायरचा विमा फुल आहे, मालक पाच वर्षं तोच, तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्य. म्हणजे एक तर गेल्या वर्षी क्लेम घेतलाय, नाहीतर पॉलिसी 90 दिवसांहून जास्त बंद होती. क्लेम कशाचा, हे विक्रेत्याला सरळ विचारा. वॅगनआरच्या मालकाचा बोनस 50 टक्के आहे, पण तो त्यांचा. गाडीसोबत तुमच्याकडे येत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रीमियमवरून तुमचा अंदाज बांधू नका.

एका बाबतीत मात्र डिझायर सरस आहे आणि ती बाब छोटी नाही. तिला एअरबॅग आणि एबीएस आहेत, या वॅगनआरला दोन्ही नाहीत. तुम्ही दर आठवड्याला खंबाटकी उतरून पुण्याला जात असता, तर मी दोन्ही गाड्या सोडायला सांगितल्या असत्या. सातारा-कोरेगावच्या अंतरासाठी, बेताच्या वेगाने आणि मागच्यांनीही बेल्ट लावून, मी वॅगनआर मान्य करतो. पुण्याला एसटीनेच जा.

आता भाव. वॅगनआरच्या टायरवर 2219 हा आकडा दिसतोय, म्हणजे टायर 2019च्या 22व्या आठवड्यातले. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असणार. चारही बदलावे लागतील. टायर, बॅटरी आणि सर्व्हिसिंगला 28,000, ट्रान्सफर आणि विम्याला 12,000 धरा. 2.75मधून हे 40,000 गेले की गाडीला 2.35 उरतात. तीच तुमची शेवटची किंमत. टायरचा आकडा मालकाला दाखवूनच बोला. डिझायरला क्लच आणि सस्पेन्शन धरून मी 45,000 डागडुजीचे धरले असते. ट्रान्सफर-विम्यासह बेरीज 2.87 वर जाते, म्हणजे एफडीला हात लागतो.

इसार देण्याआधी 58,000चा आकडा पडताळा. गाडी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या नोंदी मिळतात, मालकाला सोबत घेऊन जा. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. ई-चलनाचे थकलेले दंड त्यांनाच भरायला लावा. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर तो उतरल्याशिवाय व्यवहार करू नका. पैसे खात्यातूनच द्या, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30वर सह्या त्याच दिवशी घ्या, आणि विमा 14 दिवसांच्या आत तुमच्या नावावर करा. मालक 2.35ला तयार नसतील, तर दोन महिने थांबा. अशा वॅगनआर साताऱ्यात पुन्हा विक्रीला येतील.