कायम नोकरी सोडावी का? राजीनामा दोनदा फाडलेल्या ताईंना

तुम्ही लिहिलंय की वय 37, हिशेब विभागात 12 वर्षं, नोकरी कायम, डोक्यावर घराचं कर्ज आणि दोन वर्षांपासून मनात समुपदेशक व्हायचं घोळतंय. यजमान म्हणतात, "तुझं तू ठरव." राजीनामा दोनदा लिहून फाडलात आणि आता वाटतंय, आपल्यात हिंमतच नाही.

मीही हिशेबातच होतो, 14 वर्षं. 39 व्या वर्षी सोडलं आणि गेली नऊ वर्षं लाकडाचं फर्निचर बनवतो. म्हणून आधी हे सांगतो की हिंमतीवरून स्वतःला बोल लावू नका. हातातलं गेल्याचं दुःख तेवढंच नव्याने मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं. नंतरच्या त्यांच्या मोजमापात ते साधारण दुप्पट निघालं. पगार जाण्याची धास्ती बरोबर निर्णयाच्या वेळीही वाटते आणि चुकीच्या वेळीही. तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या लिहिण्यात नोकरीबद्दल पंधरा-वीस ओळी आहेत आणि समुपदेशनाबद्दल दोन. नवे साहेब आले, तेव्हापासून चुका काढतात, रजा अडवतात, बढती दुसऱ्याला गेली. हे सगळं खरं असणार. पण उद्या तुमची बदली दुसऱ्या विभागात झाली, चांगले साहेब मिळाले, तर सहा महिन्यांनी समुपदेशन आठवेल का? मला हा प्रश्न माझ्या बायकोने विचारला होता आणि मी रागावलो होतो. मग खरंच बदली मागून घेतली. नोकरीचा वैताग दोन महिन्यांत ओसरला. लाकडाची ओढ मात्र गेली नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा तिच्यावर विश्वास बसला. तुम्हालाही बदली मागता येत असेल तर आधी ती मागा. वैतागाच्या भरात सोडलेल्या नोकरीतून माणूस जे समोर दिसेल त्यात उडी घेतो.

आता मुख्य गोष्ट. नवं काम आपल्याला आवडतं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यातला दिसणारा भाग आवडत असतो. मला तयार खुर्चीवरून हात फिरवायला आवडायचं. नोकरीत असतानाच एका जुन्या कारागिरांकडे शनिवार-रविवार जायला लागलो, तर त्यांनी तीन महिने मला फक्त पॉलिश पेपर दिला. घासत बसायचं. नाकातोंडात भुसा, बोटांची सालं निघालेली, आणि सोमवारी ऑफिसात पेन धरवत नसे. तरी शुक्रवारी संध्याकाळी मी घड्याळाकडे बघत असायचो. अडीच वर्षं गेलो. त्यात हेही कळलं की गिऱ्हाइकाकडे उरलेले पैसे मागणं मला अजिबात जमत नाही. हे दुकान टाकल्यावर कळलं असतं तर बुडालोच असतो. आधी कळलं म्हणून वसुली सांभाळणारा भागीदार शोधला.

समुपदेशनात घासकाम कुठलं? माझी धाकटी बहीण त्या क्षेत्रात आहे, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो. एकच तक्रार आठ-आठ बैठका ऐकायची आणि सल्ला द्यायची ऊर्मी आवरायची. प्रत्येक बैठकीनंतर नोंदी लिहायच्या. स्वतःच्या कामाची अनुभवी व्यक्तीकडून नियमित तपासणी करून घ्यायची, आणि तिथे कानउघाडणी होते. ठरलेल्या वेळी माणूस येतच नाही. ऐकलेलं घरी कुणाला सांगता येत नाही, पण ते डोक्यात घेऊनच घरी यावं लागतं. मैत्रिणी तुमच्याजवळ मन मोकळं करतात ही चांगलीच खूण आहे, पण तेवढीच. एखाद्या हेल्पलाइनवर रीतसर प्रशिक्षण घेऊन आठवड्यातून एक संध्याकाळ, निदान सहा महिने बसा. बाराव्या आठवड्यालाही जावंसं वाटलं तर ती खरी माहिती. जोडीला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नोकरी सांभाळून होतो का, ते बघा.

नोकरी न सोडता असं करून बघण्याला पळवाट म्हणणारे भेटतील. सी. व्ही. रामन 1907 मध्ये सरकारी वित्त खात्यात लागले आणि दिवसभर हिशेब बघून कार्यालयाच्या आधी आणि नंतर कोलकात्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करत राहिले. मधल्या बदल्या धरून दहा वर्षं. 1917 मध्ये प्राध्यापकी आली तेव्हा कमी पगार पत्करून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. तोवर आपल्याला काय जमतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या उद्योजकांवर जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांचा 2014 चा अभ्यास आहे: नोकरी सांभाळून धंदा सुरू करून मग पूर्णवेळ त्यात आलेल्यांमध्ये धंदा बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होती. हे लोक मुळातच सावध असतील, हेही त्यात असणार. पण आधी करून बघितल्यामुळे काही जणांनी वेळीच विचार सोडून दिला असेल, आणि मला तोही फायदाच वाटतो.

पैशाचं तुम्ही विचारलंत, "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला तर पुरे का?" नाही पुरणार. आपले अंदाज किती चुकतात त्याचं एक मोजमाप सांगतो. 1994 मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. सरासरी अंदाज 34 दिवसांचा होता. सगळं बिघडलं तर किती लागतील, असं विचारल्यावर 49. प्रत्यक्षात लागले 55. म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशेबही अपुरा पडला. तुम्ही स्वतः हिशेबातल्या आहात, तर असं करा: नवीन कामातून येईल असं वाटतं तेवढ्याच रकमेत आत्तापासून घर चालवा आणि उरलेला पगार न शिवता बाजूला टाका. आम्ही हे 11 महिने केलं. चौथ्या महिन्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ते पगार चालू असताना झालं हे फार बरं झालं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपणार असेल तर स्वतःचा आधी काढून ठेवा, कारण जुन्या दुखण्यांना तो बहुतेकदा लगेच लागू होत नाही. कर्जाची फेरमांडणी करायची असेल तर तीही पगाराची स्लिप हातात असतानाच.

"तुझं तू ठरव" याचा अर्थ होकार धरू नका. कदाचित त्यांनाही भीती वाटते आणि तुमच्या आड यायचं नाहीये. त्यांच्यासमोर आकडे मांडा आणि विचारा, कुठल्या महिन्यात, शिल्लक किती उरल्यावर आपण थांबायचं? आम्ही 18 महिने ठरवले होते आणि कागदावर दोघांनी सह्या केल्या होत्या. त्या कागदामुळे बायकोला रोज मला विचारावं लागलं नाही. बिनपगारी रजा मिळत असेल तर राजीनाम्याआधी ती वापरा. आणि जाताना साहेबांना सुनावून जाऊ नका, कितीही वाटलं तरी; परतायचं दार त्यांच्याच हातात असू शकतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, उशीर झाला का. पिएर अझूले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत माणसं कामाला ठेवणाऱ्या नव्या कंपन्यांचे 27 लाख संस्थापक तपासले, तर सुरुवातीचं सरासरी वय 42 निघालं, आणि सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्यांत 45. समुपदेशनात तर समोरचा माणूस तुमच्यात थोडं आयुष्य बघितलेलं कुणीतरी शोधत असतो. दोन वर्षं तयारीत गेली तर तुम्ही 39 च्या व्हाल. मी त्याच वयात सोडलं. तिसरा राजीनामा सध्या लिहू नका. या आठवड्यात हेल्पलाइनचा अर्ज तेवढा भरा.