वाचकांचे प्रश्न : अकाली गेलेल्या पूर्वजाचा माग

प्रश्न : आजोबांचे थोरले भाऊ ऐन पंचविशीत अपघातात गेले. त्यांचा एकमेव फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. सोडवता येईल का?

उत्तर : घरच्या घरी अजिबात नको. ओढू नका, वाफ देऊ नका, पाणी लावू नका. जुन्या कृष्णधवल फोटोत बहुतेक वेळा प्रतिमा कागदात नसते, वरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असते. दमट हवेत हा थर फुगून काचेला धरतो. ओढलं की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवरच राहतो.

आधी काचेसकट प्रत काढा. फ्रेमची पाठ काढून काच आणि फोटो एकत्रच उचला, काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा. स्कॅनर सीसीडी प्रकारचा, म्हणजे आत आरसे आणि भिंग असलेला जाडजूड हवा. पातळ, हलके सीआयएस स्कॅनर फक्त अगदी टेकलेली वस्तू स्पष्ट टिपतात. इथे मध्ये काचेची जाडी येते आणि सगळं धूसर होतं. ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा, फोटो पासपोर्टएवढा असेल तर १२००. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीत करा, म्हणजे पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. फाइल टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाइल-प्रकार) ठेवा. मोबाइलच वापरायचा असेल तर फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक दिवा, आणि काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कॅमेरा. नाहीतर काचेत फोनच दिसतो.

भिंतीवर प्रत लावा, मूळ फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी आडवा ठेवा. लॅमिनेशन कधीच नाही. फोटो ‘सुधारून’ देणारी ॲप्स पुसट डोळे आणि ओठ अंदाजाने रंगवतात. चेहरा देखणा होतो, पण तो तुमच्या माणसाचा राहत नाही. तशी प्रत हवीच असेल तर फाइलच्या नावातच तसं लिहून ठेवा.

प्रश्न : पणजोबा तरुणपणी तापाने गेले. सालाबद्दल घरात तीन मतं आहेत आणि त्यांच्या नावाचा कागद एकही नाही.

उत्तर : लवकर गेलेल्या माणसाच्या नावावर कागद साठायला वेळच मिळालेला नसतो. तो सापडतो इतरांच्या कागदांत : बायकोच्या पेन्शनच्या किंवा वारसाच्या अर्जात, भावांच्या वाटणीपत्रात, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर. मुलाच्या नोंदीत वडिलांऐवजी पालक म्हणून काकाचं नाव दिसलं तर बहुधा त्याआधीच ते गेलेले असतात. म्हणजे मृत्यूच्या तारखेची वरची मर्यादा मिळाली. खालची मर्यादा धाकट्या अपत्याच्या जन्मतारखेवरून काढा; मात्र मूल वडिलांच्या पश्चात जन्मलं असू शकतं, म्हणून नऊ महिने मागे जा.

‘धाकटी चार महिन्यांची होती’ असं वाक्य घरात टिकून असेल तर ते सालापेक्षा जास्त विश्वासाचं. साल विसरतं, मांडीवरचं मूल विसरत नाही. वय धरताना चालू की पूर्ण हे बघा. तेवढ्याने एक वर्षाचा फरक पडतो.

मृत्यूची नोंद साधारणपणे मृत्यू झाला तिथे होते, घर होतं तिथे नाही. अचानक गेलेला माणूस बऱ्याचदा परगावी, कामावर किंवा प्रवासात गेलेला असतो आणि शोधणारे मूळ गावातच वह्या उलटत बसतात. ‘दोन दिवसांच्या तापात’ आणि काळ १९१८च्या आसपास, असं असेल तर आधी त्या वर्षीचे सप्टेंबर ते डिसेंबर तपासा. इन्फ्लुएंझाची सर्वांत घातक लाट तेव्हाची, आणि तिने २० ते ४० वयाची धडधाकट माणसं विशेष नेली. त्या गर्दीत नोंदी उशिरा झाल्या, काही झाल्याच नाहीत, म्हणून पुढचे महिनेही पाहा.

आणखी एक घोळ नावाचा. गेलेल्याचं नाव पुढे जन्मलेल्या पुतण्याला किंवा नातवाला ठेवलेलं असतं आणि दोघांचे कागद एकाच्या खात्यावर जमा होतात. प्रत्येक नोंदीत वडिलांचं नाव आणि वय जुळवल्याशिवाय ती आपली मानू नका.

प्रश्न : आजीच्या अकाली गेलेल्या भावाला पाहिलेली आता फक्त आजीच उरली आहे. विषय काढला की ती गप्प होते. कसं विचारावं?

उत्तर : मृत्यूपासून सुरुवात करू नका. तो कसा गेला हे तिला सगळ्यांनी विचारलं असेल. तो झोपायचा कुठे, चिडायचा कशावरून, कोणाशी पटायचं नाही, हे बहुधा कोणीच विचारलेलं नसतं. हातात फोटो द्या. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. फोन विमान मोडवर टाकून तिला सांगूनच रेकॉर्ड करा. तिच्या शब्दांत दुरुस्ती करू नका. उतरवताना तीन रकाने पाडा : काय सांगितलं, ती तिथे हजर होती का, आणि नसेल तर कोणाकडून ऐकलं. मृत्यूचं कारण तिने सांगितलं नाही तर तो रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. सांगितलं आणि ‘लिहू नको’ म्हणाली, तर लिहू नका.