आजोबांचा गंजलेला रंधा

प्रश्न : माझे आजोबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. त्यांचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रंधा माळ्यावर सापडला. निळा रंग, अंगावर ‘रेकॉर्ड’, आकडा ०५. गंज भरपूर, पाते खाली-वर करायचे पितळी चाक जाम. एकाने सुचवले, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा आणि बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर चकचकीत करून, आणा. करू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : बफवाल्याकडे नेऊच नका. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये ओतकामाचे लाकडी पॅटर्न (नमुने) करण्यात गेली, तिथे असे चकचकीत केलेले रंधे पुष्कळ पाहिले. कडा गोल झालेल्या, तळाला पोट आलेले. लाकडावर ठेवला की डुलतो.

आधी तोंडाच्या, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीच्या, दोन्ही बाजू भिंगाखाली बघा. बीड वाकत नाही, तडकते. आणि तडकते ते बहुधा इथेच. तडा असेल तर रंधा शोकेसमध्ये ठेवा, पुढचे वाचू नका.

चाकाला पकड लावू नका. गंज सोडवणारे तेल टाकून दोन दिवस थांबा. या चाकाचे आटे उलटे असतात, हे कुणी सांगत नाही. सोडवायचे तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. नेहमीच्या सवयीने जोर लावाल तर ते आणखी आवळेल.

व्हिनेगर वाईट नाही, रात्रभर मात्र नको. गंज संपला की ते बीडच खायला लागते आणि वर काळे ग्राफाइट राहते, हाताला काजळीसारखे लागते. मूठ, पितळ, पाते सगळे काढून तासा-तासाने बघा. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच कोरडे करून तेल फासा. खरे तर गंज वरवरचा असेल तर रॉकेल आणि पितळी ब्रश पुरतो, आणि निळा रंगही वाचतो. तो रंग घालवून नवा मारायचा मोह होईल. आवरा.

तळासाठी जाड काच घ्या, मोडक्या टीपॉयची चालेल. तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. पाते रंध्यात नेहमीसारखे आवळून, पण आत ओढून ठेवा. आवळल्यावर तळ किंचित ताणला जातो, आणि कामाच्या वेळीही तो तसाच असतो. तळावर मार्करच्या आडव्या रेघा मारून घासा. पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागचे टोक, या तीन जागांच्या रेघा गेल्या की बस. मधे कुठे खळगा राहिला तर राहू दे, लोक उगाच तेवढ्यासाठी आठवडाभर घासत बसतात.

तोच वेळ पात्याला द्या. पाठ शेवटच्या कडेपर्यंत सपाट, उतार २५ अंश, टोकाची धार ३० अंश. पात्यावरची वाकडी पट्टी पात्याला बसवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर तिथे ढलप्या अडकणारच.

प्रश्न : पावसाळ्यात हत्यारे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते, तरी गंजतात. – एक वाचक, कोपरी

उत्तर : तरी नाही, म्हणूनच. आत कोंडलेला दमट वारा लोखंडावरच पाणी सोडतो. तुमच्याकडे तर खाडी शेजारी. शिलाई मशीनच्या तेलाचे फडके फिरवा आणि लाकडी खणात ठेवा. न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेला खण नको.