व्हिस्कीच्या व्हीगन ब्राउनी: साखर किती, दारू किती आणि ट्रे कोणासाठी

थँक्सगिव्हिंगपासून थर्टीफर्स्टपर्यंत पॉटलकचा, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचा हंगाम असतो आणि पाहुण्यांत एक तरी व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारा, निघतोच. अंडं, लोणी, दूध यांच्याशिवाय ओलसर ब्राउनी होते, साखरही बरीच कमी करता येते आणि व्हिस्कीने चॉकलेटचा कडसरपणा सुंदर खुलतो. मात्र मोजमापाला हात घालण्याआधी हा ट्रे कोण खाणार ते ठरवा.

कारण ओव्हनमध्ये सगळी दारू उडून जाते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे मिश्रणात ढवळलेली दारू अर्धा तास भाजल्यावरही साधारण 35 टक्के शिल्लक राहते. खालच्या कृतीत 45 मिली व्हिस्की आहे, म्हणजे 18 मिली शुद्ध अल्कोहोल. त्यातलं सहा मिलीच्या थोडं वर ट्रेमध्ये उरतं, 16 तुकड्यांत वाटलं की प्रत्येकी 0.4 मिली. मोठ्या माणसाला याने काही चढत नाही. पण लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेला मित्र, डायसल्फिराम (दारू सोडवण्याचं औषध) घेणारा रुग्ण, दारू वर्ज्य मानणारे आजी-आजोबा किंवा मुस्लिम शेजारी यांच्यासाठी प्रश्न चढण्याचा नसतोच. त्यांना आधी कळलं पाहिजे. ‘व्हीगन’ किंवा ‘एगलेस’ एवढीच चिठ्ठी लावली की नेमकी हीच मंडळी निर्धास्तपणे हात पुढे करतात. म्हणून मंडळाच्या टेबलावर ‘यात व्हिस्की आहे, बदाम आणि गहू आहे’ अशी ठळक मराठी-इंग्रजी चिठ्ठी ठेवा. शाळेच्या डब्यात हा तुकडा कधीच देऊ नका. सौदी अरेबिया किंवा कुवेतमध्ये राहत असाल तर दारूबंदीमुळे व्हिस्कीचा विषयच नाही, तिथे शेवटी दिलेला कॉफीचा प्रकार करा.

आता बाटली. साधी व्हिस्की धान्य, पाणी आणि यीस्टपासून होते, रंगासाठी कधी कॅरॅमल घालतात, म्हणजे ती व्हीगनच. क्रीम लिकर आणि मध घातलेले प्रकार मात्र चालणार नाहीत. चॉकलेटला सगळ्यात जुळते ती बर्बन, कारण आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरल्याने तिला व्हॅनिला आणि कॅरॅमलचा वास असतो. शेरीच्या पिंपातली स्कॉचही छान. भारतातून कोणी गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स आणली असेल तर तीही वापरता येते. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुराची, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची स्कॉच टाळा, चॉकलेट मागे पडून औषधी वास पुढे येतो. महागडी बाटली यासाठी फोडायची गरज नाही.

20 सेंटिमीटरच्या (8 इंची) चौकोनी ट्रेला लागतं ते असं: बिया काढलेला मऊ खजूर 120 ग्रॅम, व्हिस्की 45 मिली, गरम पाणी 60 मिली, जवसाची ताजी पूड 14 ग्रॅम (2 मोठे चमचे) आणि ती भिजवायला 75 मिली पाणी, 70 टक्क्यांचं डार्क चॉकलेट 100 ग्रॅम, बदामाचं बटर 80 ग्रॅम, बिनवासाचं तेल 30 मिली, ब्राउन शुगर 80 ग्रॅम, कणीक 60 ग्रॅम, ओट्सचं पीठ 40 ग्रॅम, कोको 40 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. वजनकाटा वापराच. अमेरिकेतला कप 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250चा, आणि ऑस्ट्रेलियात मोठा चमचाही 15 नव्हे तर 20 मिलीचा असतो. शिवाय कपाने दाबून भरलेली कणीक सहज 20-25 ग्रॅम जास्त येते आणि ब्राउनीचा कोरडा केक होतो.

सामान घेताना तीन गोष्टी पाकिटावर वाचा. डार्क चॉकलेटमध्येही कधीकधी मिल्क फॅट असतं. अमेरिकेत उसाची काही साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, त्यामुळे कडक व्हीगन पाहुण्यासाठी ऑरगॅनिक ब्राउन शुगर घ्या. तिसरी गोष्ट कोकोची. घटकांत पोटॅशियम कार्बोनेट लिहिलेलं असेल तर तो डच पद्धतीचा कोको, त्याला बेकिंग पावडर योग्य. नसेल तर तो साधा, आंबटसर कोको. त्यात बेकिंग पावडरऐवजी पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला.

साखरेबद्दल स्पष्ट बोलू. एवढ्या ट्रेला नेहमीच्या कृतीत 200 ते 250 ग्रॅम साखर जाते. इथे वरून घातलेली 80 ग्रॅम आहे. खजुरातून साधारण तेवढीच आणि चॉकलेटमधून 30 ग्रॅमच्या आसपास येते. एका तुकड्यात सगळी मिळून 12 ग्रॅम धरा. खजुराबरोबर चोथा येतो हा फायदा खरा, पण खजुराची साखर मधुमेह्याला चालते असं नाही. त्यांना अर्धा तुकडा द्या. ही 80 ग्रॅमही काढून टाकू नका. साखर ओलावा धरून ठेवते आणि वरची पातळ पापडी तिच्यामुळेच येते. 50 ग्रॅमखाली गेलात की तुकडा दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होतो.

खजूर व्हिस्की आणि गरम पाण्यात झाकून अर्धा तास भिजवा, मग त्या पाण्यासकट मिक्सरमधून घट्ट श्रीखंडासारखा वाटा. व्हिस्की अशी खजुरातूनच घाला. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचा-दोन चमचे थेट ओतली तर चॉकलेट आकसून खरखरीत गोळा होतं, कारण तेवढासा ओलावा कोको आणि साखरेचे कण एकमेकांना चिकटवतो. तसं झालंच तर फेकू नका, गरम पाणी चमच्याचमच्याने घालत घोटा, पुन्हा गुळगुळीत होईल. तेवढं पाणी नंतर खजुराच्या वाटणातून वजा धरा. पेटत्या गॅसवरच्या भांड्यात व्हिस्की ओतू नका, वाफ पेट घेते.

जवस कच्चं घ्या आणि बारीक वाटा. जाडसर राहिलं तर बुळबुळीतपणा सुटत नाही आणि अंड्याचं काम होत नाही. पाण्यात कालवून 15 मिनिटं ठेवा. चॉकलेट, बदामाचं बटर आणि तेल डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या वाडग्यात) वितळवा. बदामाच्या बटरवर तेल तरंगत असेल तर बरणी आधी ढवळा, नाहीतर ट्रेच्या तळाशी तेल सुटतं. मिश्रण कोमट झालं की साखर, जवस आणि खजूर घालून मिनिटभर जोरात फेटा. कोरडं चाळून घाला आणि पांढरं दिसेनासं होईपर्यंतच उलथन्याने दुमडा. जास्त घोटलं की तुकडा चिवट होतो. भारतीय दुकानातला चक्की आटा वापरत असाल तर एक चमचा पाणी वाढवा, तो अमेरिकन होल व्हीट पिठापेक्षा जास्त पाणी पितो.

ओव्हन 175 अंशांवर (350 फॅरनहाइट), पंखा चालू असेल तर 155-160वर. बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेमध्ये मिश्रण पसरा आणि 25 ते 28 मिनिटं भाजा. टूथपिकला ओलसर कण लागले की काढा. अगदी कोरडी निघाली म्हणजे उशीर झाला. अंडं नसल्याने गरम असताना मधला भाग सैलच वाटतो आणि बहुतेक जण इथेच घाबरून दहा मिनिटं जास्त भाजतात. चॉकलेट गार होऊन घट्ट बसू द्या: दोन तास बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या.

भाजताना अल्कोहोलबरोबर वासही जातो. वास ठळक हवा असेल तर बाहेर काढल्यावर कोमट ब्राउनीवर 15 मिली व्हिस्की ब्रशने लावा. ही बहुतेक तशीच राहते, म्हणजे प्रत्येक तुकड्यात अल्कोहोल 0.7 मिलीच्या घरात जातं. चिठ्ठी असलेल्या ट्रेलाच हे करा.

मुलांसाठी आणि दारू न घेणाऱ्यांसाठी वेगळा ट्रे हवाच, आणि तो आधी भाजा, म्हणजे उलथनं-मिक्सर एकमेकांत जात नाहीत. व्हिस्कीच्या जागी 45 मिली कडक कोरी कॉफी आणि चिमूटभर जायफळ घाला. अगदी लहान मुलं असतील तर कॅफीन काढलेली कॉफी. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट टाळा, अमेरिकेत त्यात किमान 35 टक्के अल्कोहोल असतं. त्याऐवजी व्हॅनिला पावडर वापरा. या ट्रेचे तुकडे त्रिकोणी कापा आणि व्हिस्कीवाले चौकोनी, म्हणजे ताटात आल्यावरही ओळखू येतात. दोन्ही फ्रिजमध्ये पाच दिवस आणि कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतात, डब्यांवर नावं मात्र वेगळी घाला.