नवीन उघडलेल्या हॉटेलातून रामेन (सुपातल्या जपानी नूडल्स) पार्सल आणलं तर नूडल्सचा गोळा झाला. चूक कोणाची? तिथे बसून खायचं तर काय मागवावं?

चूक पार्सलची. हॉटेल गोव्यातल्या पर्वरीतलं असो की टोकियोतलं, भरलेला डबा स्कूटरच्या हुकाला अडकवून घरी आणला की नूडल्स फुगणारच. रामेनच्या मैद्यात कान्सुई घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, मैद्याच्या साधारण १ टक्का. या क्षारांनी ग्लूटेन आवळून येतं, नूडल्स पिवळसर आणि लवचीक होतात. पण क्षार पाणी अडवत नाहीत. गरम सुपात पडून राहिल्या की स्टार्च पाणी पीतच राहतो. दक्षिण जपानातल्या हाकाता पद्धतीच्या बारीक नूडल्स मिनिटभरात शिजतात, म्हणून बिघडतातही आधी. उत्तरेतल्या साप्पोरोकडच्या जाड, नागमोडी नूडल्स थोडा जास्त तग धरतात.

आमच्या मेव्हण्याचं एक पालुपद आहे: "सूप वेगळं, नूडल्स वेगळ्या मागवायच्या, हॉटेलात बसायचे पैसे कशाला?" पण निथळलेल्या नूडल्स डब्यात एकमेकींना चिकटतात. त्या मायक्रोवेव्हमध्ये घातल्या की कडा वाळतात आणि मधला गड्डा तसाच राहतो. सूप कोमट करून कपाटातल्या गार वाडग्यात ओतलं की उरलीसुरली ऊबही जाते आणि वरची चरबी ओठांना मेणासारखी लागते. पार्सलच हवं असेल तर नूडल्स अर्धवट शिजवून द्यायला सांगा. घरी वाडग्यात उकळतं पाणी भरून ठेवा, सूप खळखळ उकळा, मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात नूडल्स २०-३० सेकंद मोकळ्या करा, झटकून निथळा. वाडग्यातलं पाणी ओतून टाका, मग सूप, मग नूडल्स. अंडं आणि नोरी (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) शेवटी. अंडं सुपाबरोबर उकळलं तर मऊ बलक दगड होतो. मेव्हणा यातलं काहीही करत नाही आणि वर "गोव्यात रामेन जमत नाही" असा निकाल देतो.

तेव्हा जाऊन खा. पहिल्यांदा चिकनच्या पातळ सुपातलं शोयू, म्हणजे सोया सॉसच्या चवीचं रामेन मागवा, त्यात स्वयंपाकघराला लपायला जागा नसते. तिखट तेल, जादा लसूण पुढच्या खेपेला. तोन्कोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांच्या सुपातलं रामेन घेतलं तर लक्षात ठेवा, त्याचा पांढरा रंग हाडं तासन्‌तास जोरात उकळून यायला हवा. असं सूप गार होताना ओठ किंचित चिकटतात. पिठूळ लागलं तर दाटपणा दुसरीकडून आलाय. नूडल्स कडक हव्या असतील तर ऑर्डर देतानाच सांगा. वाडगा आला की फोटो एकच, आधी दोन चमचे नुसतं सूप, मग लगेच नूडल्स. सात-आठ मिनिटांत संपवा. सुर्र आवाज झाला तर होऊ दे, हवेबरोबर वास नाकापर्यंत जातो आणि जीभही भाजत नाही.

बीपी असेल तर सूप तळापर्यंत पिऊ नका. वाडग्यात आधी घालतात तो खारट अर्क, तारे, त्यातच उतरलेला असतो. आणि सोमवारी शिवराक (शाकाहारी) असाल तर मेन्यूवरच्या 'व्हेज' शब्दावर विसंबू नका. वर मटण-चिकन नसलं तरी तारेत किंवा सुपात कात्सुओबुशी असू शकते, म्हणजे धुरी देऊन सुकवलेला मासा. सूप नुसतं कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (मशरूम) यांचं आहे का, हे वेटरच्या अंदाजावर सोडू नका, त्याला आत स्वयंपाकघरात विचारायला लावा.